देवळामागचं रान

किनुएचा नवरा इसामु डोंगरावरच्या देवळामागच्या रानात अळंबी आणायला गेला, तो परतलाच नाही. पोलिसांनी अन् गावकऱ्यांनी रान पिंजून काढलं. हाती लागली ती नुसती टोपली. तेव्हापासून दर शरदात, मेपलची पानं लाल झाली की किनुए सोबा नूडल्सचं दुकान बंद ठेवून वर जायची आणि नवरा सुखरूप परत यावा म्हणून पूजा घालायची.

यंदा बरोबर नणंद होती, फुसाए. गुडघे धरून पायऱ्या चढताना तिचं तोंड चालूच.

"वहिनी, माझा भाऊ काय वर चहा पीत बसलाय? किती दिवस स्वतःला फसवशील?"

"मग यायचं नव्हतं, वन्सं. आमंत्रण कुणी दिलं होतं?"

"आणि तूही हरवलीस म्हणजे? तुला शोधायला आहे कोण माझ्याशिवाय?"

वर फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली होती. तरुण पुजाऱ्याने किनुएला लगेच ओळखलं.

"नेहमीचीच ना, आजी? सुखरूप परत येण्याची?"

किनुए हो म्हणणार होती. पण तोंडून भलतंच निघालं. "नाही. गेलेल्या माणसाला शांती मिळावी, अशी एखादी असेल तर…"

पुजाऱ्याने मान खाली घातली.

"हे शिंतो देऊळ, मृत्यूचं इथे काही करत नाहीत, आजी. खालच्या बौद्ध मंदिरात जावं लागेल."

किनुए देवळाला वळसा घालून मागे गेली. रानाच्या तोंडाशी दोरी बांधून अस्वलांच्या धोक्याची पाटी लावली होती. दोरीला पोट लावून ती ओरडली, "अहो! ऐकताय का? मी आता नाही यायची हं!"

लोक वळून बघू लागले. फुसाए तिला ओढायला म्हणून आली, पण स्वतःच दोरी घट्ट धरून उभी राहिली. "इसामु! अरे इसामु!" घसा बसेपर्यंत ती हाका मारत राहिली. रानातून ओ आली नाही.

दोघी पायऱ्या उतरल्या. खालच्या मंदिरातल्या म्हाताऱ्या भिक्षूने विचारलं, "अस्थी आणल्यात?"

"नाहीत."

"बरं. नाव सांगा."

किनुएला ते सांगायला बराच वेळ लागला. भिक्षू थांबला. मग त्याने उदबत्ती लावली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका परगावच्या गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "एकट्याच चालवता?"

"हो," वाफाळता वाडगा पुढे ठेवत किनुए म्हणाली, "यजमान वारले माझे."