छतातल्या पाण्याची चव

छताला ओल आली की माणसं वर पाहतात, हळहळतात, फार तर चार शिव्या देतात. आमचा मिस्त्री स्टुलावर चढायचा, ओल्या जागी बोट घासायचा आणि ते बोट जिभेवर ठेवायचा. मग डोळे मिटून गप्प. पाहणाऱ्याला वाटावं, भाजीत मीठ पडलं की नाही ते बघतोय.

"काय लागते?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यात टोमणाच होता.

"मास्तर, पावसाचं पाणी अळणी राह्यते. हे माती खाऊन आलं हाय."

"आणि आलं कुठून?"

"ते आता कसं सांगू? पाणी जिथं दिसून राह्यलं, तिथून ते येत नसते."

हे वाक्य मी पुढची चार वर्षं ऐकलं. तुम्ही कधी घर बांधलं असेल तर असं एखादं वाक्य तुमच्याही वाट्याला आलं असेल. ज्याने काम बिघडवलं असं आपण धरून चालतो, त्याच्याच तोंडून ते ऐकावं लागतं आणि डोकं भणाणतं.

समुद्रपूरला आमच्या गल्लीत तेव्हा सगळी घरं कवेलूंची, म्हणजे कौलारू होती. आणीबाणी उठली त्या वर्षी मी दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचं ठरवलं, तर लोक बघायला आले. मिस्त्रीचाही गावातला तो पहिलाच स्लॅब. तोवर तो मातीच्या भिंती उभ्या करायचा आणि उन्हाळ्यात कवेलू फेरायचा, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचायचा. मधे नागपूरला कोणाच्या तरी हाताखाली राहून तो हे नवं काम शिकून आला होता. उंच, किडकिडीत माणूस, खांद्यावर दुपट्टा, कानावर पेन्सिल. गावात स्लॅबची कामं निघतील आणि ती आपल्याला मिळतील, एवढ्या एका आशेवर त्याने माझं काम जीव ओतून केलं.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. पोती घरात रचलेली आणि पहाऱ्याला आमची आई. एकेक पोतं तीच काढून द्यायची.

स्लॅब पडत होता त्या दिवशी आई पूजेचं ताट घेऊन शिडीने वर चढली. मिस्त्रीने घमेल्यांची रांग थांबवली, सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. मी खुणेनेच विचारलं तर हळूच म्हणाला, "दुसऱ्याच्या घरची पूजा. आपण काऊन टक लावून पाहाची?" ओलं सिमेंट समोर असताना काम थांबवायचं म्हणजे त्याच्या जिवावर आलं असणार. तरी आई खाली उतरेपर्यंत त्याने मान वळवली नाही, आणि त्याचं बघून मीही तोंड फिरवलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात छत कोरडं राहिलं. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या वरच्या कोपऱ्यात पोळीएवढा डाग उमटला. मग तो वाढला, पोपडे धरले, आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटावर पांढरा भुगा पडायला लागला. पाऊस गेला, थंडी आली, तरी ओल हटेना.

मिस्त्रीने त्या कोपऱ्यावर गच्चीत डांबर ओतलं. पुढच्या वर्षी कठड्याचा सांधा खोदून पुन्हा भरला. पावसाळी पाइप बदलला. दरवेळी मी म्हणायचो, झालं आता, आणि दरवेळी डाग पुन्हा हजर. बायकोने खाट तीनदा हलवली. शाळेतून घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधी वर बघायचो, आणि चहा गोड लागायचा नाही.

एका दिवाळीनंतर त्याने वेगळंच काढलं. गच्चीवर मातीची आळी घातली, शेताला पाणी देतात तशी. आज या तुकड्यात पाणी, उद्या त्या. आणि स्वतः खाली, माझ्याच खाटेवर, छताकडे बघत पडून. मी शाळेतून येई तेव्हा हा पठ्ठ्या माझ्या उशीवर!

"काही वाढलं का?"

"नाई. काई नाई."

सहा दिवस हा तमाशा चालला. सातव्या दिवशी तो खाटेवरून उठून माझ्यासमोर बसला.

"मास्तर, सारी गच्ची पाहून झाली. आता फक्त तुळशीखालची जागा राह्यली. कुंडी हालवून पाहू."

नव्या बांधकामात अंगण गेलं म्हणून आईने तुळशीची मोठी कुंडी गच्चीच्या मधोमध ठेवली होती. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "लावलेली तुळस हालवत नसतेत."

"माय, एकाच दिवसासाठी."

"नाई म्हणतलं नं!"

आणि माझा पारा चढला. ओल दारावर, कुंडी पार मधोमध, आणि या माणसाला आता देवाचं झाड आडवं आलं! मी वाट्टेल ते बोललो. स्वतःचं पाप तुळशीच्या माथी मारतोस, असंही बोललो. तो ऐकून घेऊन उठला, हातपाय धुतले आणि गेला.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. बसस्टँडजवळच्या पानठेल्यावर चार लोकांत म्हणालो, "स्लॅब गळतो कशाने? एक पोतं सिमेंट कुठं गेलं ते त्यालाच ठाऊक." रागात माणूस बोलून जातो, असं मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे. पण खरं सांगतो, ते वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं.

गाव केवढं असतं! बाजारातल्या एका व्यापाऱ्याने आपल्या दुकानाचा स्लॅब त्याला देऊ केला होता, तो हिंगणघाटच्या मिस्त्रीकडे गेला. मग दुसराही गेला. आमचा मिस्त्री पुन्हा कवेलूंवर चढला.

पुढच्या पावसाळ्यात तो न बोलावता दारात उभा. "मास्तर, ओल पाहू द्या." स्टुलावर चढला, बोट घासलं, जिभेवर ठेवलं. उतरताना फक्त एवढंच म्हणाला, "पोती तं मायनंच काढून देली होती. मी काऊन खाईन, मास्तर?" मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

शेवटी मी ओळखीच्या एका ओव्हरसिअरला घरी आणलं. त्याने स्टूल मागितलं नाही, गच्चीवर गेला नाही. खुर्चीतूनच मान वर करून म्हणाला, "सळई गंजली आहे. फोडून टाका स्लॅब." चहा पिऊन तो गेला.  आयुष्यात एकदाच घर बांधलं होतं मी.

आई दारात आली. "फोडा बापा, फोडाचं तं. पण तुळशीखालचं नका फोडू. तिथं पुरचुंडी हाय."

"कसली पुरचुंडी?"

तिने मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. कवेलूच्या घराचं आढं चढवतात तेव्हा हळकुंड, सुपारी, तांदूळ, तांब्याचा पैसा फडक्यात बांधून आढ्याला लावतात. तिच्या सासऱ्याने बांधली होती, नवऱ्याने बांधली होती. स्लॅबला आढंच नाही.

"मंग बांधू कुठं मी? सिमेंट ओलं होतं, मधोमध दाबून देली. वरून थापून घेतलं. कोनाचा पाय नाई पडावा म्हनून तुळस ठेवली."

मी सायकल काढली. मिस्त्री जाम गावाच्या रस्त्यावर एका घराचं कवेलू फेरत होता. खालूनच ओरडून सांगितलं. तो छपरावरून खाली उतरला, आणि घरी जाऊन छन्नी-हातोडा घेऊन आला.

कुंडी या वेळी आईनेच हलवायला सांगितली. कुंडीच्या भोकातून तुळशीची मुळं खाली उतरली होती आणि स्लॅबच्या बारीक चिरेतून आत शिरली होती. मिस्त्रीने चार ठोके घातले. आत मुठीएवढी पोकळी. फडकं नाही, तांदूळ नाहीत, काळा चिखल आणि हिरवा पडलेला पैसा. रोजचा तांब्या आणि पावसाचं पाणी तिथे उतरायचं आणि सळईच्या कडेकडेने पार दारापर्यंत जायचं. त्याने चिखलात बोट घातलं, जिभेवर ठेवलं.

"हेच ते," म्हणाला.

मग आईकडे वळला. "माय, मले सांगतलं असतं तं दाराच्या चौकटीवर जागा करून देली असती."

"तू तं पाठ करून उभा होता नं, बापा. सांगू कोनाले?"

तो हसला. दुपट्ट्याने डोळे पुसत हसला. मला हसता आलं नाही.

त्याने पोकळी साफ करून भरली. दारावर एक लहानसा कोनाडा केला, आईने त्यात नवी पुरचुंडी ठेवली. या वेळी त्याने पाठ केली नाही. तुळस पायरीशेजारी आली. निघताना तो दुपट्टा झटकत म्हणाला, "मास्तर, एक काम करजा. पानठेल्यावर एकडाव सांगून देजा."

"उद्याच सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलोही. पानवाल्यानेच विचारलं, "काय मास्तर, गळते का अजून?" सगळं ओठांवर आलं होतं. पण तिथे बसलेले चौघे माझ्या आईवर हसतील, मास्तरच्या घरातला कारभार म्हणून माझ्यावर हसतील, हे दिसलं, आणि मी म्हणालो, "नाही. मिस्त्रीनं नीट करून दिलं."

"म्हंजे केलेलं निस्तरून देलं शेवटी," पानवाला म्हणाला.

मी पान तोंडात टाकलं. पैसे देऊन घरी आलो. याची चीड मला अजून येते, आणि ती दुसऱ्या कोणावर काढायची सोय नाही.

मिस्त्रीने पुन्हा कधी विचारलं नाही. रस्त्यात भेटला की "कोरडं हाय नं?" एवढंच. गावात स्लॅब पडत गेले, सगळे दुसऱ्यांच्या हातचे. कवेलूंची घरं कमी होत गेली तसं त्याचं कामही. एका उन्हाळ्यात तो तळेगावला लेकीकडे गेला आणि तिकडेच वारला. मला पंधरा दिवसांनी कळलं.

आई त्याच्या आधीच गेली होती. आता कोणाची लाज राखायची होती? मी पानठेल्यावर गेलो. पानवाल्याचा मुलगा बसला होता, बाकड्यावर तीन-चार तरुण होते. मी उभ्यानेच सुरुवातीपासून सगळं सांगितलं. एक पोतंही कमी नव्हतं, मी खोटं बोललो होतो, हेही सांगितलं. ते आदराने ऐकत राहिले. संपल्यावर पानवाल्याच्या मुलाने विचारलं, "कोनता मिस्त्री, सर?"

घरी येऊन मी स्टूल ओढलं. दारावरच्या त्या कोपऱ्यात बोट घासलं आणि जिभेवर ठेवलं. नुसता चुना लागला.