बाबांच्या गाऱ्हाण्याची लिंक

या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि शेजारच्या मैत्रिणीला वाचून दाखवून हसते. म्हणजे हसायचे. भुताखेतांशी माझं कधीच देणंघेणं नव्हतं. त्यामुळे जे झालं ते झालं तसंच लिहिते. वाचून कोणी घाबरावं असा हेतू नाही... मी स्वतःच घाबरले नव्हते. तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

रत्नागिरीत मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याचा पल्प डबाबंद करणाऱ्या एका कंपनीत मी एक्सपोर्टची कागदपत्रं बघते. फाइल जड असली की मेलला जोडली जात नाही, मेल आपोआप तिची लिंक करून टाकतो. नव्या मुलींना मी समजावते—अटॅचमेंट म्हणजे तुझ्या हातात दिलेली वस्तू. लिंक म्हणजे वस्तू पाठवणाऱ्याच्याच घरात, तू नुसती खिडकीतून बघतेस. त्याने आत काही हलवलं तर तुलाही हललेलंच दिसणार.

आमचं गाव तिथून एसटीने तासाभरावर, मी शनिवार-रविवारी घरी जाते. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी आमच्या ओट्यावर बसते आणि सगळी भावकी तिथे जमते. गाऱ्हाणं बाबा घालायचे. म्हणजे पालखीपुढे नारळ घेऊन उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, पूर्वजांची नावं घ्यायची आणि सगळ्यांसाठी मागणं मागायचं. बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ते पूर्ण शब्द बाबांशिवाय कोणाला येत नव्हते.

दिवाळीच्या सुमारास त्यांना दम लागायला लागला, तेव्हा त्यांनी ओट्यावर उभं राहून गाऱ्हाण्याचा व्हिडिओ केला. मोबाईल आईने धरला होता. मग मला मेल केला, आणि फाइल जड म्हणून अर्थातच त्याची लिंक झाली.

“बाय, गाऱ्हाना धाडलाय. गावला काय?” त्यांनी फोन करून विचारलं.

“गावला, बाबा.”

मी हेडफोन लावून तो पूर्ण बघितला. ‘तुझा लेकरू यशवंत तुझ्या पुढ्यात उभा हाय’ अशी सुरुवात. यशवंत म्हणजे बाबा.

माघात बाबा गेले. मी रडले नाही. आलेल्यांना चहा दिला, भांडी आवरली, आणि बारावं झाल्यावर कामावर रुजू झाले. मैत्रीण म्हणाली, “रडून घे गं एकदा.” पण रडू यावं लागतं ना.

शिमगा तोंडावर आला, त्या रविवारी मी घरी होते. अण्णाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घरी आले. मी म्हटलं, “काका, गाऱ्हाणं मी घालते.”

काका चपला घालता घालता थांबले. “बाय, बाईमाणसान गाऱ्हाना घातलेला आमी कदी बघितला नाय. आमचा सतीश येतोय मुंबयसून, तो घालील. तू त्याला तेवढा शिकव. आणि पुढल्या सालापासून पालकी आमच्याच ओट्यावर बसंल. तुमच्याकडं आता कोण हाय?”

आई चुलीपाशी होती. तिने ऐकलं, पण बाहेर आली नाही. बाबांमागे तिच्याकडे राहिलेला मान तेवढाच, आणि तोही आता उठून पलीकडच्या ओट्यावर चाललेला. मला त्याचा रागही आला नाही. सतीशदादाला लिंक पाठवून मोकळं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात, पाठवायच्या आधी उगाच उघडली. तोच ओटा, बाबांचा तोच निळा शर्ट, कोपऱ्यात आईचं बोट आलेलं. बाबांनी हात जोडले आणि म्हणाले—

“तुझा लेकरू, यशवंताची सुजाता, तुझ्या पुढ्यात उभी हाय.”

सुजाता म्हणजे मी.

मी परत लावला. परत तेच. मग उठून पाणी प्यायले आणि अर्धवट राहिलेलं इन्व्हॉइस पूर्ण केलं. खरंच केलं. त्यानंतर फाइलची माहिती उघडली. बदल केल्याची तारीख बाबांच्या बाराव्यानंतरची होती, आणि बदल करणाऱ्याचं नाव बाबांचं. मला नुसती बघायची परवानगी होती. बाबांचा मोबाईल आईने त्यांच्या धोतरात गुंडाळून, बंद करून कपाटात ठेवलेला. पासवर्ड मलासुद्धा माहीत नाही.

शनिवारी घरी जाऊन आईला दाखवलं. तिने शेवटपर्यंत बघितलं.

“तवा ह्यांनी तुजा नाव नाय घेतलानी. मोबाईल मीच धरलेला, मी काय भयरी हाय? आपलाच नाव सांगितलानी.” मग पदराने स्क्रीन पुसून म्हणाली, “काकांना दाखव.”

काकांनी एकदाच बघितला. जाताना मात्र चपला त्यांना सापडेनात, समोर असून.

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला म्हणतो, बाबांनी दोनदा रेकॉर्ड केलं असेल आणि दुसरं उशिरा अपलोड झालं असेल. असेल. पण बंद मोबाईलमधून? आणि दुसऱ्या वेळी मोबाईल धरला कोणी, आईचं बोट कोपऱ्यात तसंच्या तसं आलं कसं?

पालखी आमच्या ओट्यावर बसली. सतीशदादाने नारळ उचलला, काकांकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. मी सुरुवात केली. ‘यशवंताची सुजाता’ म्हटलं, आणि पहिला ‘व्हय म्हाराजा’ काकांचा आला. मग मी पूर्वजांची नावं घेत गेले. व्हिडिओत ती आजोबांपाशी संपतात आणि बाबा जरा श्वास घेतात. मीही तिथवर आले. पुढचं नाव त्यांनी घेतलेलं नव्हतं, ते मलाच घ्यायचं होतं. दोनदा तोंड उघडलं, आवाज फुटेना. तिसऱ्यांदा ‘यशवंत’ म्हटलं आणि पालखीपुढे सगळ्यांच्या देखत, नारळ पोटाशी धरून, हमसून हमसून रडले.

“व्हय म्हाराजा,” आतून आई म्हणाली.