दिगूच्या टाकीतला खेकडा

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तोच नांदेडहून सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच. शटर पुन्हा खाली ओढलं आणि लातूरच्या स्टँडवर मिळेल त्या गाडीत बसलो. वाटेत अहमदपूर लागलं. तिथल्या शाळेत दिगंबर आणि मी एका बाकावर बसायचो, तिथं तरी रडू यायला हवं होतं. आलं नाही. डोक्यात एक खेकडा होता. दीड महिना झाला, अजून आहे.

दिगू मोजणी खात्यातून रिटायर झाला आणि घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडून बसला. तीन बादल्या पाणी मावेल एवढीशी. समुद्र कुठं, नांदेड कुठं! मी त्याला लई छळलं. "माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् तू मीठ कालवून किडे पाळून राहिलास!" तो नुसता हसायचा. मुंबईच्या एका दुकानदाराकडून त्यानं प्रवाळाचा तुकडा आणि भोकाभोकांचा दगड मागवला होता. त्या भोकांतून न बोलावलेले पाहुणे निघायचे, केसाळ अळ्या काय, धाग्याएवढे किडे काय... हा भिंग घेऊन तासन्‌तास समोर. व्हिडिओ काढून मला पाठवायचा, मी बघायचो नाही. खात्री पटेपर्यंत वहीत कुणाचं नाव लिहायचा नाही, नुसतं 'अनोळखी'.

उन्हाळ्यात, काच साफ ठेवायला आणलेल्या गोगलगायींचे शंख फुटायला लागले. त्याच आठवड्यात दगडाखालून एक चपटा खेकडा बाहेर आला, नांग्या अंगापेक्षा मोठ्या. मी फोनवर म्हणालो, हाच तो. दिगू म्हणाला, "थांब शिवा, काय खातो ते बघू तर दे." आणि दोन दिवसांत त्याच्याच छातीत दुखायला लागलं. दुकान बंद करून मी नांदेड गाठलं; वहिनी दवाखान्यात, घर आणि टाकी माझ्याकडं. त्यानं खाटेवरून बजावलं, "पाणी उडंल तेवढं साधं फिल्टरचं घाल, मीठ नको. अन् आतल्या कशाला हात लावू नको."

लावला मी हात. सकाळी आणखी एक शंख फुटलेला दिसला आणि माझं डोकंच फिरलं. आजारी माणूस घरी येईल, त्याला टाकी तरी निवांत दिसू दे, असं मनात. चिमट्यानं खेकडा ओढला आणि अंगणात उन्हात टाकला. पाय हलवत होता. मी आत निघून आलो.

दोन दिवसांनी टाकीतून टक्‌ टक्‌ आवाज आला. दगडाच्या भोकातून कोळंबीसारखं काहीतरी निघालं आणि मिटलेल्या हातानं शंखावर टोला हाणला. मग फोनमधला, दवाखान्यात जायच्या सकाळी दिगूनं पाठवलेला व्हिडिओ उघडला. खेकडा तोंडापुढची पिसं पाण्यात हलवत होता आणि मागून दिगू बोलत होता, "पाणी गाळून खातंय बिचारं. शंखाकडं बघत बी न्हाई."

तो घरी आला, टाकीपुढं बसला, बराच वेळ बसला... "खेकडा दिसंना," म्हणाला. मी म्हणालो, "मला बी न्हाई दिसला." दुसऱ्या दिवशी मी लातूर गाठलं. आठव्या दिवशी तो गेला.

परवा नांदेडला गेलो आणि वहिनींपुढं सगळं ओकून टाकलं. त्या टाकीत पाणी घालत होत्या. तांब्या खाली न ठेवता म्हणाल्या, "ठावं हाय, भाऊजी. अंगणात वाळून पडलेला यांनाच घावला."

"मग मला बोलला का न्हाई? शिव्या घालायच्या होत्या!"

"मी बी तेच म्हणले. तर म्हणाले, शिवा सांगंल आपणहून. थांबू."

त्या आठ दिवसांत मी त्याला रोज फोन करत होतो. गोळ्या घेतल्या का, जेवलास का, दुकानात गिऱ्हाईक न्हाई, ऊन लई हाय... सगळं बोलायचो. ठेवायच्या आधी तो दर वेळी विचारायचा, "अजून काय?"

आणि मी म्हणायचो, "काही न्हाई."