बहिणीच्या तोंडी घातलेलं वाक्य

चीनच्या लढाईत माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला. ती बावीस वर्षांची. तेरावं झाल्यावर तिला वलगावला घरी आणलं. मी शाळामास्तर, शिवाय अमरावतीच्या एका पेपरला गावच्या बातम्या पाठवायचो. त्याची मिजास फार होती मला, खोटं कशाला बोलू!

संपादकांचा निरोप आला: बहिणीवर लिहा, फोटो पाठवा. आमच्यात विधवा रंगीतच नेसत. पण फोटोसाठी मी शेजारून पांढरं लुगडं मागून आणलं. लिहिताना डोळे भरून आले, लेखणी सुसाट सुटली. शेवटी तिच्या तोंडी वाक्य घातलं: 'त्यांनी देह देशाला दिला, मी माझा त्यांच्या आठवणीला दिला.' ती तेव्हा मागच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिला विचारावं, हे सुचलंसुद्धा नाही.

लेख गाजला. शाळाशाळांतून तिचे सत्कार झाले, मुलं ते वाक्य पाठ म्हणू लागली. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "दादा, हे मी कवा म्हटलं होतं?"

"पेपरात असंच लिहा लागते, बाई," मी म्हणालो.

आमच्यात पाट लावायची रीत जुनी. नवरा गेलेली बाई दुसरं घर करते, त्यात कुणाला काही वाटत नाही. माझी आईच पाटाची. दोन वर्षांनी अकोल्याहून स्थळ आलं. कापसाच्या जिनात कामाला असलेला, बायको वारलेला भला माणूस. बहिणीनं त्या दिवशी हिरवं लुगडं नेसलं. त्याच्याशी बोलताना ती चक्क हसली. मला इतकं बरं वाटलं!

पंधरा दिवसांनी त्याचे थोरले भाऊ आले. खिशात माझ्या लेखाचं कात्रण.

"मास्तर, पोरगी लाखात एक. पण देशासमोर असं बोललेल्या बाईले घरात आणलं, तर लोक शेण घालतील आमच्या तोंडात."

"अहो, ते मी लिहिलं. ती नाही बोलली."

"पेपरात तर तिच्याच नावानं आलं ना?" म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

बहीण दारामागं उभी होती. "मंग आता लिहून दे ना पेपरात, का ते तुयं होतं म्हणून. मले दुसरं घर करा वाटते. मले माणूस पायजे, दादा."

मी कागद घेतला. ज्या पोरांना वाक्य पाठ करायला लावलं, त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? एवढीच भीती. कागद कोरा राहिला. हिरवं लुगडं पेटीत गेलं.

त्यानंतर मरेपर्यंत तिनं मला दादा म्हटलं नाही. मास्तर म्हणायची.