मावशींचा डावा कान

प्रूफवालीला मावशी पहिल्यांदा दिसल्या त्या भांडताना. दवाखान्याच्या दारात एका होणाऱ्या बापाला त्या म्हणत होत्या, "जावईबापू, उलट्या तिला होतायत आणि लिंबू तुम्ही चोखताय? आणा ते इकडे." बापडा ओशाळला. बाकावरच्या बायका पोट धरून हसल्या, आणि सगळ्यांनाच दिवस गेलेले असल्यामुळे खरोखरच धरून हसल्या.

प्रूफवाली तेवढी हसली नाही. ती छापखान्यात पुस्तकांची प्रूफं तपासायची. तिला सहावा महिना होता आणि हे दुसरं बाळंतपण. पहिल्याबद्दल कुणी विचारलंच तर "राहिलं नाही" एवढंच म्हणे.

मावशी तिथल्या सुईण. डॉक्टरीणबाईंचं तपासून झालं की त्या बाईला कोपऱ्यातल्या खोलीत नेत, बीपी बघत, सुजलेले पाय उशीवर ठेवत आणि विणकाम काढून गप्प बसत. त्यांचा डावा कान लहानपणच्या तापात जवळजवळ गेलेला, त्या बाजूनं हळू बोललेलं त्यांना कळतच नसे. बाकावरच्या एका जाडगेल्या बाईनं प्रूफवालीला पहिल्याच दिवशी सल्ला दिला, "मनात काही साचलं असेल तर त्यांच्या डाव्या बाजूला बस आणि ओकून टाक. भिंतीला कान असतात, त्या बाजूला नाहीत. मी सासूचा अर्धा तास उद्धार केला. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!"

तीन खेपा प्रूफवाली उजवीकडेच बसली. आठव्या महिन्यात, एका बुधवारी, तिनं स्टूल उचलून डावीकडे ठेवलं आणि लोकरीच्या गुंड्याकडे बघत बोलायला लागली.

"मागच्या वेळी बाळ सकाळपासून हललं नव्हतं. मला कळलं होतं. पण शाळेचं पुस्तक छपाईला जायचं होतं, ऐंशी पानं उरली होती. ती संपवली, मग तिकडच्या इस्पितळात गेले. घरी सांगितलं, दुपारपर्यंत हलत होतं. डॉक्टरांनाही तेच."

सुया थांबल्या. मावशींनी डाव्या कानावरचे केस मागे सारले. आत शेंगदाण्याएवढं मशीन होतं.

"सोमवारी लेकीनं बसवलंय. मला ऐकू आलं, पोरी."

प्रूफवाली ताडकन उठली. "फसवलंत मला!"

"रविवारपर्यंत खरोखर ठार बहिरा होता गं. दारावर पाटी लावायला हवी होती. चुकलंच माझं. आता तूच सांग, विसरू की बोलू?"

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवून उभी राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "बोला."

"तेव्हाच गेली असतीस तर वाचलं असतं का, मला माहीत नाही. कुणालाच नाही. 'तुझं काही चुकलं नाही' म्हणून तुझी बोळवण नाही करणार, तू लगेच पकडशील. पण दोन वर्षं एकटीनं वाहतेयस, ते पुरे झालं. नवऱ्याला सांग. आणि या खेपेला बाळ गप्प वाटलं की उठायचं आणि यायचं. ओळ अर्धी राहिली तरी."

"आणि उगाच निघालं तर?"

"तर उगाच. चहा प्यायचा, घरी जायचं."

त्याच संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं.  तो म्हणाला, "मला वाटायचं, आदल्या दिवशी मी तुला कपाट सरकवायला लावलं म्हणून." दोघांनी भात करपू दिला.

इकडे मावशींनी दुसऱ्याच दिवशी बाकापुढे उभं राहून मशीन जाहीर केलं. जाडगेलीचा चेहरा पांढराफटक. "म्हणजे सासूबाईंचं सगळं…?"

"ते जुन्या कानात गेलं, वाया गेलं. पुन्हा सांग, आता नीट ऐकते."

प्रूफवाली त्या महिनाभरात पाच वेळा उगाच आली. पाचव्यांदा नवऱ्याचा शर्ट उलटा होता. "हजेरीपट मांडू का?" मावशींनी विचारलं आणि चहा टाकला. डॉक्टरीणबाई कुरकुरल्या तेव्हा मावशी म्हणाल्या, "न येणाऱ्यांपेक्षा येणाऱ्या परवडल्या."

सहाव्यांदा ती एका शनिवारी सकाळी आली, छापखान्यातून थेट, लाल पेन अंबाड्यात खोचलेलं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी ठोके दोनदा ऐकले आणि म्हणाल्या, "थांबायला नको." तिला आत नेलं. मावशी तिच्या उशाशी उभ्या राहिल्या, पेन काढून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि हात तिच्या हातात दिला. तिनं तो असा आवळला की पुढे चार दिवस मावशींना विणता आलं नाही.

साडेदहाला मुलगी झाली. छोटी, निळसर, आणि क्षणभरानं भलतीच संतापलेली.

"मावशी, उगाच नव्हतं ना?"

"नव्हतं गं."

मावशी आता अडुसष्ट वर्षांच्या आहेत. आठवड्यातून चार सकाळी दवाखान्यात येतात, आणि पोटातलं बाळ गप्प वाटलं म्हणून धावत आलेल्या बाईला रांगेत उभं राहू देत नाहीत.