पेजेसाठी कोट

आमच्या शेजारी एक माणूस रोज संध्याकाळी साडेसातला काळा कोट, पांढरा शर्ट आणि गळ्यात फुलपाखरासारखा काळा बो अशा थाटात जेवायला बसायचा. जेवण काय, तर उकड्या तांदळाची पेज आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. मे महिन्यात मालवणात पंख्यालाही घाम फुटतो, तेव्हासुद्धा कोट. आणि घराचं पुढचं दार सताड उघडं. पावसाचे सपकारे आत येऊन पेजेत पाणी वाढलं तरी जेवण होईपर्यंत ते दार लावायचा नाही. हाच माणूस दिवसभर खाकी हाफपँट आणि भोकाभोकांची गंजी घालून, अनवाणी, माडांना पाणी लावत फिरायचा.

बोटीवर नोकरी केलेल्या माणसाला आमच्याकडचे ख्रिस्ती लोक तारवटी म्हणतात. आम्ही त्याला तारवटीमाम म्हणायचो. खरं नाव फक्त त्याच्या रेशनकार्डाला आणि पाद्रीला माहीत होतं. माम प्रवासी बोटींवर होता. या बोटी म्हणजे तरंगती हॉटेलंच. त्यानं सुरुवात भांडी घासण्यापासून केली आणि शेवटी जेवणाच्या मोठ्या हॉलच्या दारावर पोचला. तिथे रोज संध्याकाळी प्रत्येक केबिनच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकायची: आज जेवायला काय घालून यायचं. कधी साधे कपडे, कधी जरा बरे कपडे आणि कधी ‘फॉर्मल’. फॉर्मलच्या रात्री पुरुषांना काळा कोट, बायकांना पायघोळ झगा. चड्डीत आलेल्याला मामनं दारातच अडवायचं. दारामागे त्यानं उसने देण्यासाठी सहा कोट, चार बो आणि तीन जोड बूट टांगून ठेवलेले असत. कितीतरी कोट्यधीश दुसऱ्याचे बूट घालून आपल्यासमोरून आत गेले, हे सांगताना तो फार खूश व्हायचा.

ती सवय इथेही सुटली नाही. गावात कुणाचंही लग्न असो, पंगत बसायच्या वेळी माम मांडवाच्या तोंडाशी उभा. नजर पायांपासून सुरू होऊन टाळक्यापर्यंत जायची. आमचे ‘हे’ एकदा पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातच लग्नाला आले. माम त्यांना नमस्कार करून म्हणाला, “मास्तरानू, आत जावा, पण जरा खांबामागे बसा.” तोंडानं टोमणे मारायचा, पण एकालाही परत पाठवल्याचं मी पाहिलं नाही.

पेज जेवायला कोट कशाला, असं त्याला गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी विचारलं होतं. उत्तर ठरलेलं. “कोट माका नाय, पेजेक घालतंय. पेजेची लाज रवाक व्हयी.” लोक हसायचे, तोही हसायचा, आणि प्रश्न तिथेच मिटायचा.

आता माझ्याविषयी. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे तरुण आणि मूर्ख होते. शाळेतून नुकती निवृत्त झालेली. घरातल्या मांजरीशीसुद्धा मी प्रमाण मराठीत बोलायचे आणि ती बिचारी समजल्यासारखं करायची. माझ्या धाकट्या दिराला मुंबईत बरे दिवस आले होते. त्यानं एक दिवस फोन करून सांगितलं की मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीची तिकिटं काढली आहेत. तुम्ही दोघं आणि आई, तिघांनीही यायचं. ‘आई’ म्हणजे माझ्या सासूबाई. वय एक्याऐंशी, नऊवारी नेसणाऱ्या, आवाज खळ्यात उभ्या राहिल्या तर रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. दिरानं बोटीचं छापील पत्रकही पाठवलं. त्यात लिहिलं होतं, एक रात्र फॉर्मल.

मी ते पत्रक घेऊन तडक मामच्या पडवीत गेले. मामनं मला पंधरा दिवस शिकवलं. त्याच्याकडे काटा एकच होता, म्हणून बाकीच्या काट्यांच्या जागी पेन्सिली मांडायचा. “ही लांब पेन्सिल मासळीची, ही आखूड सॅलादीची. काटो डाव्या हातात. डाव्या, बाईनू. शाळेत पोरांका डावो-उजवो कोण शिकवी होता?” उकडलेला बांगडा सुरी-काट्यानं खाता खाता माझ्या तोंडात काट्याचा आणि बांगड्याचा, दोघांचाही काटा गेला. माम म्हणाला, “बरां चल्लाहा. आता रडा नकात, रडण्याक येगळो रुमाल असता.”

याच काळात मी म्हापशाला जाऊन गुपचूप एक झगा आणला. मोरपिशी, पायघोळ, वरपासून खालपर्यंत चमकत्या टिकल्या. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मामला दाखवायचा म्हणून पिशवीत घालून नेला आणि त्याच्या आतल्या खोलीत जाऊन नेसून, म्हणजे घालून, बाहेर आले. मामनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“लग्न कोणाचां?” त्यानं विचारलं.

“कुणाचं नाही. का?”

“नाय, मांडवाची झालर काढून हाडलात, म्हणान इचारलंय.”

मी रागावले. रागाच्या भरात मूळ प्रश्न, जो मी पंधरा दिवस गोड बोलून विचारणार होते, तो पटकन विचारून टाकला. “माम, फॉर्मलच्या रात्री केबिनमध्ये ताट मागवता येतं का?”

“कोणासाठी?”

“सासूबाईंसाठी. दमतात हो त्या.”

“आजून बोटीर चडूक नाय, आदीच दमले?”

मी झग्याच्या टिकल्या चाचपायला लागले. माम पुन्हा माझ्या झग्याकडे बघत होता. मग त्यानं मला बसायला सांगितलं. त्या झग्यात बसणं सोपं नव्हतं, पण मी बसले.

त्याची आई भाजी विकायची. लाल माठ, मुळे, वाली. नवरा लवकर गेला, पोर एकच. जन्मभर पायांत चपला घातल्या नाहीत. बोटीवर पुष्कळ वर्षं नोकरी झाली की कामगाराला घरचं माणूस एकदा प्रवाशासारखं फिरवता यायचं. मामनं आईला न्यायचं ठरवलं. तिनं पहिले दोन दिवस समुद्राकडे पाठ करून काढले, कारण समुद्र तिनं पाहिलेला होता. लोकांच्या तऱ्हा पाहिलेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी फॉर्मल रात्र. मामनं सांगितलं होतं, “आये, बरां नेसान ये.” ती बरंच नेसून आली. सणाला नेसायचं तांबडं लुगडं, गळ्यात सोन्याचे मणी, केसांना तेल, अंबाड्यावर अबोलीची सुकलेली वेणी जी तिनं घरून ओल्या फडक्यात बांधून आणली होती. पाय अनवाणी. दारावर काळ्या कोटात तिचा मुलगा उभा. तिच्या मागे कप्तानाचे पाहुणे.

“मी तिच्या पायांकडे बघलंय,” माम म्हणाला. “माझ्या पाठी तीन जोड बूट होते. तिनव बाप्यांचे.”

“मग?”

“मगे मी तिका इंग्लिशीत सांगलंय. मॅडम, टुनाइट इज फॉर्मल.”

आपल्या आईशी तो इंग्रजीत बोलला. तिला एक शब्द कळला नसेल, पण तोंड कळलं. ती म्हणाली, “बरां, सायबा.” आणि वळली.

ती खालच्या मजल्यावर कामगारांच्या खानावळीत जेवली. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाली, थंय बरां जेवाण गावला, नारळाचा सार होता. तुझ्या हॉलातली माणसां उकडलेला गवत खायत होती, माका काचेतून दिसलां. पुन्हा कधी तिनं विषय काढला नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. माम तेव्हा भर समुद्रात होता.

“म्हणून कोट घालून जेवता होय?” मी विचारलं. “तिची आठवण म्हणून?”

“आठवण कसली बाईनू? घाम येऊक व्हयो माका. ज्या कोटासाठी तिका परत धाडलंय, तो आंगार किती जड लागता ता कळाक व्हया.” मग स्वतःच हसला. “आणि दार उघडां ठेवतंय. आये येयत तर येयत.”

मी घरी आले. केबिनमध्ये ताट मागवायचा बेत पडवीतच राहिला. पण झगा मात्र सोडला नाही. शहाणपण एकदम सगळं येत नाही, हप्त्याहप्त्यानं येतं.

बोटीवर ती रात्र आली. सासूबाई हिरवी नऊवारी नेसल्या, मी झालर नेसले. मला पहिल्यांदा त्या अवतारात बघून आमच्या ‘ह्यां’नी चष्मा पुसला. लिफ्टमधून बाहेर आलो, मऊ गालिच्यावरून चालत हॉलच्या दाराशी पोचलो, आणि तेव्हा मी खाली पाहिलं. सासूबाईंच्या पायांत काही नव्हतं. “पाय सुजलेसत,” त्या म्हणाल्या. “चपला रूममदी ठेयलंय. जेवूक पाय लागतत काय?”

 दारावर काळ्या कोटातला एक माणूस उभा होता, बो तोच, उभं राहणंही तेच. त्याची नजर पायांपासून सुरू झाली. सासूबाई थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याचं बारीक तोंड बघून, रस्त्यापर्यंत ऐकू जाणाऱ्या आवाजात विचारत्या झाल्या, “तू जेवलंस मरे?”

त्या माणसाला मालवणी कुठून येणार? त्यानं त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून वाकला, स्वतः पुढे होऊन टेबलापर्यंत घेऊन गेला आणि खुर्ची मागे ओढली. राणी बसावी तशा त्या बसल्या. मांडी घालून.

मी मागून निघाले, आणि टाचेत झग्याची कड अडकली. पडले नाही, पण फाटलं. दारापासून टेबलापर्यंत मोरपिशी टिकल्यांची वाट तयार झाली. सगळा हॉल बघत असताना सासूबाई म्हणाल्या, “बघा, माझी सून खवलां सांडीत इली.” दीर इतका हसला की त्याचा बो सुटला. नंतर मी पंधरा दिवस घोटलेल्या सगळ्या पेन्सिली विसरले आणि मासळी हातानं खाल्ली. सासूबाई सूप पिऊन “ह्या कढयेत सोलां घालूक इसारले” म्हणाल्या आणि दुसरा पदार्थ यायच्या आत खुर्चीतच झोपल्या.

परत आल्यावर मामला सगळं सांगितलं. खवलांपाशी तो पोट धरून हसला. पण अनवाण्या पायांपाशी त्यानं मला थांबवलं.

“तेणी खाली बघल्यान?”

“बघितलं.”

“नक्की?”

“नक्की. मग वर बघितलं.”

“आणि खुर्ची ओढल्यान?”

“स्वतः ओढली.”

मामनं तोंड माडांकडे फिरवलं. “म्हणजे गावता तसां करूक,” तो म्हणाला, तसं करता येतं हे आजच कळल्यासारखा. “करूक गावता.” मग माझ्याकडे वळला. “बाईनू, एक काम करा. मी मेलंय काय माका कोट घालूक देव नकात. आमच्यात मढ्याक सूट घालतत. पण थंय वर दारार माझी आवस असतली, माझी आये. कोटातलो माणूस बघल्यान काय ‘बरां, सायबा’ म्हणान परत वळतली.”

मी हो म्हटलं. हो म्हणणं फार सोपं असतं.

त्यानंतर दहाएक वर्षांनी माम गेला. दुपारी, हाफपँटीत, माडाच्या आळ्यापाशी. मी दिराकडे मुंबईला होते; मला कळून मी दुसऱ्या दिवशी पोचेपर्यंत दोडामार्गहून त्याचा पुतण्या, चुलतभावाचा मुलगा, आला होता. गोव्यात हॉटेलात नोकरी, रोज जा-ये करणारा, नीटनेटका मुलगा. त्यानं काकाला आंघोळ घालून, दाढी करून कोट चढवला होता. बो तर इतका सुरेख बांधला होता की जिवंतपणी मामला तसा कधी जमला नाही. पायांत चकचकीत बूट. चारला पाद्री येणार होता.

“कोट काढ,” मी म्हटलं.

“काय?”

“त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. कोट घालायचा नाही. बूटही नाहीत.”

“काकी, लोक काय म्हणतले? जन्मभर कोटात जेवलो माणूस. ह्या गावात कोटासाठीच वळखीत त्याका.”

मी प्रमाण मराठीत समजावायला लागले. अंतिम इच्छा वगैरे शब्द माझ्या तोंडून निघाले. पुतण्या काकाचा बो सरळ करत राहिला. पडवीत बायका कुजबुजायला लागल्या. साडेतीन वाजले होते. तेव्हा माझं शिक्षण संपलं आणि तोंडातून आमची भाषा बाहेर पडली.

“अरे, तो जेवूक जाणा नाय. आवशीक भेटूक जाता.”

तो थांबला. मग काही न विचारता त्यानं आधी बूट सोडले. कोट काढायला आम्ही दोघं लागलो. मेलेला माणूस कोट सहजी सोडत नाही, जिवंत माणसाइतकाच. शेवटी इस्त्रीचा पांढरा शर्ट, धुतलेली खाकी हाफपँट आणि अनवाणी पाय. पडवीत कुणीतरी फिसकन हसलं. मीसुद्धा हसले असते, पण रुमाल कुठला वापरायचा ते आठवेना. पाद्री आला, त्यानं पायांपासून वरपर्यंत पाहिलं आणि पुस्तक उघडलं.

तो कोट पुतण्यानं मला दिला. माझ्या दारामागे टांगला आहे. सासूबाई मामच्या आधीच गेल्या. मी आता शहात्तरची आहे आणि शहाणी झाले असं लोक म्हणतात, लोकांना काय. सुनेला मी सांगून ठेवलंय, मला मात्र नऊवारी नको, पैठणी नको. पेटीच्या तळाशी तो मोरपिशी झगा आहे, उरलेल्या टिकल्यांसकट, तोच घाल. सून म्हणाली, आई, काहीतरीच काय. मी म्हटलं, अगो, दारावर तुझी आजेसासू असणार. तिला लांबून खवलांवरून ओळखता यायला हवं.