वर्षा मला काय म्हणाली होती

हे मी कोणाशी बोललेली नाही. नवऱ्याशी नाही, आईशी तर नाहीच. याआधी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा पहिल्याच ओळीतलं शुद्धलेखन तपासत राहिले, मग तेवढ्यावरच उठले. आजही मघापासून दोनदा उठून झालंय. एकदा गॅस बंद आहे का ते पाहायला, एकदा उगाच. पण तुम्ही बसा. मी सांगते.

मी अकोल्याला शाळेत मराठी शिकवते. तीस वर्षं होत आली. बाईंसमोर बोलायचं म्हणजे जरा जपून — ही माझी ख्याती. लग्नपत्रिका हातात पडली की वधूवरांची नावं वाचण्याआधी माझा हात लाल पेनाकडे जातो. एका शोकसभेला गेले होते. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलले ते आठवत नाही, बोलणारा कुठे कुठे चुकला ते मात्र तोंडपाठ आहे. लोक हसतात. मीही हसते. एवढाच दोष असता तर तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं. बाबांचं बियाण्यांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. वर्षा माझी धाकटी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. अकोल्याला माझ्याकडे राहून तिनं शेतकीची पदवी घेतली आणि नोकरीच्या मागे न लागता सरळ बाबांच्या काउंटरमागे जाऊन उभी राहिली. पाच वर्षं ते दुकान तिनंच चालवलं, असं म्हटलं तरी चालेल.

ती कशी ऐकायची, ते सांगायला हवं. एकदा मी सुट्टीत गेले होते. एक म्हातारबुवा आले आणि काउंटरला टेकून म्हणाले, “बाई, माही पऱ्हाटी रुसून राहिली वो.” आणि मी — हो, मीच — मागून म्हटलं, काका, कपाशी रुसत नसते, तिला रोग होतो. ते बिचारे ओशाळले. वर्षानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “किती दिवस झाले काका? पान आणलं का?” त्यांनी खिशातून पान काढलं. तिनं ते उलटं करून उजेडात धरलं, म्हणाली, तुडतुडे आहेत, आणि बाटली काढून दिली. चार पंप मारायचे की सहा, तेही समजावलं. पुढच्या आठवड्यात ते बुवा तिच्यासाठी शेतातली वाळकं घेऊन आले. मला मात्र त्यांनी लांबूनच नमस्कार केला.

पुण्याचं स्थळ मी आणलं होतं. हे नीट लक्षात ठेवा — मी आणलं होतं. शिकायला मी दोन वर्षं पुण्यात होते. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ‘मी जेवण करून राहिली’ म्हणाले, तर ताटं खाली ठेवून हसल्या होत्या मुली. त्यांच्यातल्याच एकीचा हा मावसभाऊ. चांगली नोकरी, स्वतःचं घर, माणसं सभ्य. त्या मुलींच्या घरात माझी बहीण सून म्हणून जाणार, याचं मला किती वाटत होतं! हे कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही. दोन्हींत फरक आहे ना? असावा.

आमच्याकडे मुली लग्नाबद्दल बापाशी बोलत नाहीत. तशी बंदी कोणी घातलेली नाही, पण बोलत नाहीत. मधे एक माणूस लागतं — आई, आत्या, मोठी बहीण. आत्या आम्हाला नव्हती. आई पुण्याचं नाव ऐकूनच हुरळली होती. म्हणजे मधलं माणूस मी.

पाहुणे येणार त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. दुकानाला सुट्टी होती. मागच्या खोलीत खताच्या पोत्यांजवळ मी खुर्ची मांडली, वर्षाला समोर स्टुलावर बसवलं आणि मी मुलाची आई झाले. नाव काय, शिक्षण काय, स्वयंपाक काय काय येतो. ती उत्तरं देत होती, मी सुधारत होते. ‘मले’ म्हणाली की ‘मला’. ‘काहून’ म्हणाली की ‘का’. तिला घाम आला होता. मला मजा वाटत होती, हेही सांगून टाकते. मग मी विचारलं — आमच्या पुण्यात राहायला आवडेल ना तुला?

तिनं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, “मले तिकडं नाई करमणार, ताई.”

ताई म्हणाली. मी मुलाची आई होते, पण ती मला ताई म्हणाली. म्हणजे खेळ तिनं तिथंच सोडला होता. हे मला तेव्हा कळलं का?

मी म्हटलं, “मले नाही, मला. तिकडं नाही, तिकडे.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग शहाण्या विद्यार्थिनीसारखं म्हणाली, “मला तिकडे करमणार नाही.”

आणि लगेच, घाईनं — मी पुन्हा अडवायच्या आत उरकावं तसं — म्हणाली, “मी दुकानातच बरी आहो. बाबाले सांग ना तू.”

मी काय म्हणाले असेन? तुम्ही ओळखलंच असेल. आहो नाही, आहे. बाबाले नाही, बाबांना. तिनं तेही दुरुस्त करून म्हटलं. मी दुकानातच बरी आहे, बाबांना सांग. एकही चूक नव्हती. आणि मी म्हणाले, “शाबास.”

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ती छान बोलली. मुलाच्या आईनं तर म्हटलंच — अगदी इकडची वाटत नाही हो बोलण्यावरून! मी दिवसभर त्याच वाक्यावर तरंगत होते. वर्षा ट्रे घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. संध्याकाळी तिकडून पसंती आली, महिन्याभरात साक्षगंध झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न.

याला सोळा वर्षं झाली. ती पुण्यातच आहे. नवरा वाईट नाही, सासूनं कधी आवाज चढवून बोललेलं नाही, एक मुलगी आहे. चारचौघांत सांगावं असं दुःख तिला नाही. सुरुवातीला ती दर आठवड्याला बाबांना फोन करून विचारायची — यंदा बोंडअळी किती, कोणतं बियाणं उगवलं नाही, कोण आलं होतं. बाबा तिला शेताशेताची खबर द्यायचे. मग दर महिन्याला, मग सणावाराला. बाबांचे गुडघे गेले तसं दुकान बंद केलं. आता त्या गाळ्यात मोबाइलवाला बसतो. माझ्याशी वर्षा फोनवर बोलते तेव्हा इतकं शुद्ध बोलते की सुधारायला काही उरतच नाही. “सगळं व्यवस्थित आहे, ताई.” पुढे काही नाही. मी फोन ठेवते आणि घरभर फिरत राहते.

बरीच वर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगितली. की मी शब्दांकडे पाहत होते म्हणून अर्थ निसटला. मास्तरकीची सवय, दुसरं काय! ऐकायला किती बरं वाटतं हे — थोडं हसूही येतं. मी ते मनात इतक्या वेळा घोळवलं की मलाही पटलं. पण ज्याला चूक सापडते त्याला वाक्य कळलेलंच असतं. पोरांच्या वह्या तपासताना मला नाही का कळत, कोणाच्या घरी काय चाललंय? मग माझ्या बहिणीचंच तेवढं कळलं नाही?

कळलं होतं. पहिल्याच वाक्याला कळलं होतं. ‘मले’चं ‘मला’ करत बसले, कारण तेवढा वेळ दुसरं काही बोलावं लागत नव्हतं.

शेवटच्या आजारपणात बाबा तिचं नाव काढायचे. “वर्षीले लय दूर देल्लं म्या,” असं म्हणायचे, पुन्हा पुन्हा. सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेऊन बसले होते. मी उशाशी असायचे. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर त्यांचं ओझं उतरलं असतं. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, ती सुखात आहे बाबा. ते तसेच गेले.

आता ते सांगते, जे अजूनही टाळतेच आहे.

पसंती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना होकार कळवायचा होता. ते मधल्या खोलीत खाटेवर बसले होते, हातात फोन. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “वर्षी तुले काई बोलली का? तिच्या मनात नसन तं आत्ताच सांग. मी नाई म्हनून कळवतो. मले त्यात कायची लाज?”

इतकं सरळ विचारलं त्यांनी. स्वयंपाकघराच्या दाराला नुसता पडदा होता. आत वर्षा भाकरी थापत होती. बाबांनी विचारलं तसा थापायचा आवाज थांबला. मला तो थांबलेला कळला.

मी म्हणाले, “नाही बाबा. ती काही म्हणाली नाही. खूश आहे ती.” आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

बाबांनी फोन लावला. त्यांचं बोलणं सुरू झाल्यावर आत भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं पानं मांडली. वर्षानं पहिली गरम भाकरी माझ्या ताटात वाढली, वर तेल घातलं, ठेचा दिला. मी दोन भाकरी खाल्ल्या.